पुरवणीचा दोरा

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिघे सहकारी पिंप्राळ्यातील एका घरी दुपारभर संगणकापुढे बसून होतो. पिंप्राळा हे एके काळचे स्वतंत्र गाव. आता जळगाव शहराने त्याला पोटात घेतले असले तरी आषाढीच्या रथामुळे ते आपले वेगळेपण राखून आहे. काम रुक्ष होते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत ऑनलाइन वर्गात विद्यार्थ्यांनी जोडलेल्या फायलींनी खात्यांवरची बरीच जागा अडवली होती, आणि ती मोकळी करा अशी सूचना आली होती. काय ठेवायचे आणि काय पुसायचे, एवढेच ठरवायचे होते.

त्या ढिगात एक ध्वनिफीत निघाली. एक म्हातारी जात्यावरच्या ओव्या म्हणते आहे. जाते अर्थातच नाही, नुसता आवाज आहे. दोन ओव्यांनंतर ती थांबते, शेजारी कोणाला तरी विचारते, भरलं का तुझं? मग हसते आणि पुन्हा सुरू करते. आम्ही ती तीनदा ऐकली. ओव्या छापील संग्रहांतल्या आमच्या परिचयाच्या नव्हत्या. फाइलीचे नाव होते ‘ऑडिओ’ आणि त्यापुढे आठ-दहा आकडे. ही कोणाची आजी, कोणत्या गावची, कोणी ध्वनिमुद्रित केली, यांपैकी काहीही त्या फाइलीवर नव्हते. टाळेबंदीच्या काळात ‘घरातल्या वडीलधाऱ्यांकडून बोलीतले शब्द, म्हणी, ओव्या मिळवा’ असा प्रकल्प आम्हीच दिला होता. फाइल जोडली गेली होती, आम्ही तिला गुणही दिले असणार. पण ती कशाला जोडली होती, हे हरवले होते.

हा प्रश्न आमचाच, आमच्या आळशीपणाचा, असे प्रथम वाटले. नंतर वाटले की तो फार जुना आहे, आणि आपल्या भाषेत कागद जोडण्याचा जो इतिहास आहे त्याच्याकडे साहित्याच्या अभ्यासकांनी पुरेसे पाहिलेले नाही. त्या इतिहासाचा एक मोठा भाग आमच्या खानदेशातच, धुळ्याला, कपाटांत बांधून ठेवलेला आहे.

प्रथम पोथीचा विचार करू. आपली जुनी पोथी शिवलेली नसे. सुटी आडवी पाने, वरखाली लाकडी फळ्या किंवा पुठ्ठे, आणि त्यावर गुंडाळलेले कापड, अशी तिची रचना. सुट्या पानांचा ग्रंथ हा स्वभावतःच विस्कटण्याच्या तयारीत असतो. वाचताना पान उलटून पलीकडे ठेवायचे. वारा आला, मूल धावत आले, की दोन ग्रंथांची पाने एकमेकांत मिसळलीच. लेखकांनी यावर जो उपाय काढला तो साधा होता. पानाच्या समासात ग्रंथाच्या नावाची एक-दोन अक्षरे आणि पानाचा आकडा. प्रत्येक पान आपण कोणाचे आणि कितवे हे स्वतःच सांगे. कापड सुटले, फळी मोडली, तरी पानाची ओळख पानापाशी राही. आजच्या भाषेत बोलायचे तर फाइलीचे नाव फाइलीच्या अंगावरच लिहिलेले असे, ती ठेवलेल्या खोक्यावर नव्हे.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिलेला आहे. वर्गात आपण तो बहुधा ‘अक्षर सुंदर असावे’ एवढ्याच बोधासाठी वापरतो आणि पुढे जातो. त्यात पानाच्या चारी बाजूंना जागा सोडण्याचा जो उपदेश आहे त्याचे कारण मात्र सौंदर्याचे नाही. कागद झडला तर कडा झडाव्यात, अक्षराला धक्का लागू नये, हे कारण आहे. लिहिणारा माणूस कागदाच्या मरणाचा हिशेब आधीच करून बसला आहे. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून फिरून जमवलेली रामदासी हस्तलिखिते आहेत. समर्थांच्या हातचे म्हणून मानले जाणारे वाल्मीकी रामायणही तेथेच आहे. आमच्या विद्यार्थ्यांना तेथे नेण्याचा योग अजून आम्ही जुळवून आणलेला नाही, ही कबुली येथेच देऊन टाकतो. जळगावाहून धुळे दूर नाही.

पोथीहून कागदपत्रांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. ‘दप्तर’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि त्याच्या मुळाशी ग्रीक भाषेतला कातड्याचा शब्द आहे असे मानतात. मराठीत त्याने मोठा प्रवास केला. पेशव्यांचे दप्तर, कुळकर्ण्याचे दप्तर, आणि आता पाच वर्षांच्या मुलाच्या पाठीवरचे दप्तर. रुमालाचेही तसेच. तोंड पुसायचे ते कापड कागद बांधायला आले आणि ‘रुमाल’ हे कागदांच्या गठ्ठ्याचे नाव झाले. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. त्यांतून गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ भाग संपादित केले.

या कागदांत एक शब्द वारंवार भेटतो, तो म्हणजे पुरवणी. मुख्य पत्र संपल्यावर जे उरले, किंवा जे मुख्य पत्रात सर्वांच्या देखत वाचले जाऊ नये, ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत घालीत. ती पुरवणी. आमच्या मते मराठी गद्याचा पुष्कळसा जिवंतपणा या पुरवण्यांत आहे. मायना, आशीर्वाद, कुशल हे सगळे मुख्य पत्रात आटोपलेले असते, त्यामुळे पुरवणी थेट मुद्द्यावर येते. मात्र तिचे दुर्दैवही यातच आहे. तिला मायना नाही, बऱ्याचदा साल नाही. नुसता चंद्र आणि मुसलमानी महिना. मुख्य पत्रापासून ती सुटली की कोणी कोणाला केव्हा लिहिले हे मजकुरावरून ताडत बसावे लागते. इतिहाससंशोधकांच्या कित्येक पिढ्यांच्या दुपारी या ताडण्यात गेल्या.

त्या काळच्या लोकांना हा धोका ठाऊक नव्हता असे मुळीच नाही. लांब कागद हवा असेल तेव्हा कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवीत आणि जोडावर मागच्या बाजूने शिक्का उठवीत. अर्धा शिक्का वरच्या बंदावर, अर्धा खालच्या. मधला एखादा बंद काढून दुसरा घातला तर शिक्का जुळणार नाही. मजकूर संपला तेथे मोर्तब, म्हणजे त्याखाली कोणी एक ओळही वाढवू नये. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आज वर्तमानपत्रांत मंत्रिमंडळाच्या निर्णयापुरता उरला आहे. मुळात ती जोडणी आणि समाप्ती यांची काळजी होती.

हे सगळे कागद एकत्र येण्यात ज्यांचा मोठा वाटा ते विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे खंडांची संख्या २२ वर गेली. राजवाड्यांच्या तर्ककर्कश प्रस्तावनांची चर्चा साहित्याच्या वर्गात होते. कागद जमवणारा माणूस म्हणून त्यांची चर्चा कमी होते. गावोगाव पायपीट करायची, वाड्यांच्या माळ्यांवर चढायचे, कागद वाचायचे, अस्सल कोणता आणि नक्कल कोणती याचा निवाडा करायचा. अस्सल आणि नक्कल हा भेद त्यांच्या पद्धतीचा कणा होता. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यात वारले, आणि दुसऱ्याच वर्षी तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांचा संग्रह तेथे आहे. एका माणसाच्या मृत्यूनंतर त्याचे दप्तर विस्कटू नये म्हणून गावाने संस्था काढली, ही घटना आम्हांला फार मोठी वाटते. पुढे जे सांगायचे आहे त्यासाठी ती लक्षात ठेवावी.

इंग्रजी अमलात कागदाला छिद्र पडले आणि दोरा आला. मराठी राज्यकारभारात फाइलीला ‘नस्ती’ हा प्रतिशब्द रूढ झाला. कार्यालयीन पत्राच्या तळाशी ‘सोबत : वरीलप्रमाणे’ ही ओळ आली. ती ओळ लिहिताना आपण काय करतो याकडे लक्ष द्यावे. जोडलेल्या कागदाचा उल्लेख मुख्य कागदाच्या अंगावर करतो. जोडपत्र गहाळ झाले तरी ते होते एवढे तरी उरते. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन अभिलेख लावण्याची जी पद्धत बसवली ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजली. कोणता कागद कायम ठेवायचा, कोणता काही वर्षांनी नष्ट करायचा हे आधीच ठरवून त्याप्रमाणे गठ्ठे बांधायचे, हे तिचे सूत्र. सरकारी कारकुनाबद्दल मराठी विनोदी वाङ्मयाने पुष्कळ लिहिले. त्याच्या गठ्ठ्याबद्दल कोणी आदराने लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही.

आम्ही मास्तर लोक मात्र पुरवणी हा शब्द रोज जगलो. परीक्षेच्या दालनात विद्यार्थी हात वर करतो, पुरवणी मागतो. पर्यवेक्षक तिच्यावर सही करतो, विद्यार्थी तिच्यावर आसनक्रमांक लिहितो, मुख्य उत्तरपत्रिकेवर पुरवण्यांची संख्या लिहितो, आणि शेवटची घंटा झाली की पांढऱ्या दोऱ्याने बांधतो. म्हणजे नाव दोन्हीकडे, संख्या मुखपृष्ठावर, साक्षीदाराची सही, आणि वर गाठ. पेशव्यांच्या कारकुनाला हे पाहून समाधान वाटले असते.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना छात्रालयातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालवीत. एक प्रत, एक वाचनाची जागा, वाचणारी सगळी मुले. तेथे जोडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण लिहिणारा आणि वाचणारे एकाच छपराखाली होते. आणि बहिणाबाईंची कहाणी तर आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. आसोद्याची लेक, जळगावच्या चौधरींची सून, अक्षरओळख नाही. त्यांच्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि नातलगांनी ऐकता ऐकता टिपून ठेवल्या. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या, १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ‘बहिणाबाईची गाणी’ छापून आली. आपण हा प्रसंग चमत्कारासारखा सांगतो. त्यातला कारकुनी भाग आपण वगळतो. कोणीतरी वही घेतली, तारीख नाही तर नाही पण कोणाच्या ओव्या हे लिहिले, ती वही सांभाळली, आणि योग्य माणसाला दाखवली. ज्या ओव्या टिपल्या गेल्या नाहीत त्या गेल्या. या कवयित्रीचे नाव आमच्या विद्यापीठाला २०१८ साली देण्यात आले, आणि त्याच विद्यापीठाच्या परिसरात आम्ही एका म्हातारीच्या ओव्या ‘ऑडिओ’ या नावाने ठेवून दिल्या होत्या.

संगणकाचा इतिहास थोडक्यात उरकतो. ईमेलला चित्र, आवाज, दस्तऐवज जोडता यावेत यासाठी ‘माइम’ नावाचे मानक १९९२ साली तयार झाले. नॅथॅनिअल बोरेनस्टाइन या त्याच्या एका कर्त्याने त्या वर्षीच्या मार्चमध्ये स्वतःच्या गायकचौकडीचे छायाचित्र आणि गाणे जोडून पाठवले. म्हणजे या पुरवणीतही आरंभी गाणेच होते. ऑनलाइन वर्गाचे ‘मूडल’ हे साधन मार्टिन डूगियामास याने २००२ साली प्रथम प्रसृत केले. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात त्याचे बालपण गेले आणि रेडिओवरून भरणाऱ्या शाळेत त्याने धडे घेतले होते. ‘गूगल क्लासरूम’ २०१४ साली आले. मराठीच्या बाबतीत मधली वीस वर्षे फॉन्टच्या घोळात गेली. त्या काळात प्रश्नपत्रिकेची फाइल पाठवली तर सोबत फॉन्टही जोडावा लागे, नाहीतर समोरच्या संगणकावर ज्ञानेश्वरीच्या जागी प्रश्नचिन्हे आणि चौकोन उमटत. युनिकोडने हा जाच संपवला, तोही हप्त्याहप्त्याने. ‘ॲ’ हे आपले अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, आणि पेशवे दप्तर ज्या लिपीत आहे ती मोडी २०१४ साली.

मग २०२० चा मार्च उजाडला. वर्ग बंद झाले आणि ज्यांनी आयुष्यात कधी ईमेल पाठवली नव्हती अशी मुले फायली जोडू लागली. तो काळ आठवला की प्रथम छायाचित्रे आठवतात. वहीचे पान, त्यावर अंगठ्याची सावली, कडेला गोधडीचा काठ किंवा केळीच्या घडाचा ढीग. एका उत्तराची सात छायाचित्रे, क्रम उलटा. पाने जोडून एक पीडीएफ करायला आम्ही त्यांना ‘कॅमस्कॅनर’ शिकवले, आणि जूनच्या अखेरीस सरकारने ज्या ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली त्यांत नेमके तेही होते. पुन्हा नवे शिकवा. ज्याच्या घरी एकच फोन आणि तो बाप शेतात घेऊन जाणार, तो मुलगा रात्री दहाला फाइल जोडी. वेळ टळून गेलेली असे आणि पडद्यावर तांबड्या अक्षरांत उशीर झाल्याची नोंद दिसे. आम्ही ती नोंद मनावर घेतली नाही, याचे समाधान आहे.

आमच्या चुकाही थोड्या नव्हत्या. क्लासरूममध्ये शिक्षकाने फाइल जोडताना तीन पर्याय असतात. विद्यार्थ्यांनी ती फक्त पाहायची, सर्वांनी मिळून एकाच फाइलीत बदल करायचे, किंवा प्रत्येकाला वेगळी प्रत द्यायची. आमच्यापैकी एकाने चाचणीच्या वेळी दुसरा पर्याय निवडला. काही मिनिटांत मर्ढेकरांवरच्या एकाच उत्तरात सारा वर्ग लिहीत होता. एकाने लिहिलेले दुसरा पुसत होता, तिसरा ‘सर कोणीतरी माझे खोडतंय’ असे त्या उत्तरातच लिहीत होता. अस्सल आणि नक्कल यांचा भेद त्या दिवशी जितका समजला तितका कोणत्याही संशोधनपद्धतीच्या पुस्तकाने समजावला नव्हता.

मात्र खरी हानी अशा गमतीच्या चुकांनी झाली नाही. ती दोन ठिकाणी झाली. पहिली वाटेत. ज्यांना क्लासरूममध्ये फाइल चढवता येत नव्हती त्यांनी ती व्हॉट्सॲपवर वर्गप्रतिनिधीला पाठवली. व्हॉट्सॲपवरून जाताना फाइलीचे मूळ नाव बहुधा गळून पडते आणि तिला तारीख-आकड्यांचे नाव मिळते. प्रतिनिधीने त्या बिचाऱ्याने सगळ्या एकत्र करून आपल्या नावाने चढवल्या. त्या क्षणी मुख्य पत्र एकीकडे आणि पुरवण्या दुसरीकडे अशी अवस्था झाली. संभाषणात नावे होती. ती संभाषणे मुलांनी फोन बदलताना गमावली. ओव्यांची ती फीत याच वाटेने आली असणार.

दुसरी हानी माणसांमुळे. तासिका तत्त्वावर काम करणारी आमची एक सहकारी भाषाविषयक प्रकल्प फार आस्थेने पाहत असे. वर्ष संपले, तिची नेमणूक संपली, नियमाप्रमाणे तिचे संस्थेचे खातेही बंद झाले. तिच्या वर्गातल्या फायली तिच्या खात्यात होत्या. त्या दुसऱ्याच्या नावे करून घ्यायच्या असतात हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते आणि आम्ही विचारलेही नाही. खाते गेले, त्यासोबत अहिराणीच्या शब्दांच्या दोन वर्गांच्या याद्या गेल्या. धुळ्याने राजवाड्यांच्या दप्तरासाठी जे केले ते आम्ही एका तासिकेच्या प्राध्यापिकेच्या फोल्डरसाठी करू शकलो नाही. ती आता दुसऱ्या गावी आहे. फोनवर बोलताना तिने तक्रार केली नाही, एवढेच म्हणाली की माझ्या मुलांनी फार कष्टाने मिळवले होते ते शब्द.

शिक्षणसंस्थांना गूगलने दिलेली अमर्याद साठवण २०२२ साली संपली. २०२१ मध्येच तशी घोषणा झाली होती. प्रत्येक संस्थेला सामाईक १०० टेराबाइटांची मर्यादा आली. ही जागा लहान नव्हे. पण सारे काही आपोआप कायम राहील हा आपला समज तेव्हा संपायला हवा होता. काय कायम, काय पाच वर्षांनी पुसायचे, याचे लखिनांसारखे वर्गीकरण कोणीही केले नाही. त्यामुळे सूचना येते तेव्हा आकाराने मोठे ते आधी पुसले जाते. छापील पाठ्यपुस्तकाच्या नकला असलेल्या छोट्या फायली राहतात, आणि म्हाताऱ्यांचे आवाज, कारण ते जागा अधिक खातात, जातात.

त्या दुपारी आम्ही पुसणे थांबवले आणि एक साधी नोंदवही घातली. कागदाची, शंभर पानी. फाइलीचे जुने नाव, नवे नाव, जोडणाऱ्याचे नाव, कोणाचा आवाज, गाव, बोली, कोणत्या प्रकल्पाला जोडलेली. नवे नाव रचताना पोथीच्या समासातली रीत घेतली. गाव, आडनाव, वर्ष, विषयाची दोन अक्षरे, आणि कितवी. मग जुन्या विद्यार्थ्यांना फोन सुरू केले. काही औषधांच्या दुकानांत, काही पोलीस भरतीच्या मैदानांवर, दोघी-तिघी सासरी. निम्म्याहून अधिक फायलींना धनी सापडला. एकाने आजीचा आवाज ऐकून फोन थोडा वेळ तसाच धरून ठेवला. ती २०२१ च्या एप्रिलात गेली होती आणि त्याच्याकडे तिचा आवाज दुसरा कुठलाच नव्हता. ती फाइल आम्ही त्याला परत पाठवली, त्याच्या आजीच्या नावाने.

ओव्यांच्या त्या फितीचा उलगडा अजून झालेला नाही. माजी विद्यार्थ्यांना ती ऐकवली. एकीचे मत पडले की बोली यावल-रावेरकडची असावी, दुसऱ्याने ते मानले नाही. शेवटाकडे, म्हातारी हसते त्याच्या थोडे नंतर, मागे आगगाडीची शिट्टी ऐकू येते, एवढाच एक धागा. पण आमच्याकडे रूळ चाळीसगावपासून रावेरपर्यंत आणि जळगावपासून अमळनेरमार्गे नंदुरबारपर्यंत गेलेला आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गावेच गावे. पिंप्राळ्यातल्या त्या घरातही फीत ऐकताना खरी गाडी गेली, तेव्हा दोन शिट्ट्या एकमेकींत मिसळल्या आणि आम्हांला फीत मागे घ्यावी लागली. नोंदवहीत तिच्यापुढे ‘सोबत : ओव्या, एक आवाज, आगगाडी’ असे लिहिले आहे. जोडणाऱ्याच्या नावाचा रकाना मोकळा ठेवला आहे.